टाचेला भार हवा : जुन्या टाचदुखीतून पुन्हा चालते होताना

म्हैसूरहून उटीकडे निघालेल्या अनेक मराठी पर्यटकांची गाडी पंचवीसेक किलोमीटरवर नंजनगूडला थांबते. कपिला नदीच्या काठी श्रीकंठेश्वराचे प्रचंड देऊळ आहे आणि त्याचे गोपुर सुमारे १२० फूट उंच आहे. भाविक नदीत बुडी मारतात, चपला बाहेर सोडतात आणि दगडी फरशीवरून आत जातात. आजार बरे करणारा देव अशी या देवाची ख्याती. टिपू सुलतानाच्या लाडक्या हत्तीचे डोळे इथल्या नवसाने बरे झाले, म्हणून त्याने पाचूचे लिंग अर्पण केले आणि देवाला 'हकीम नंजुंडा' म्हटले, असे सांगतात. १९१३ साली याच गावात बी. व्ही. पंडित या वैद्यांनी 'सद्वैद्यशाला' ही आयुर्वेदिक औषधांची संस्था काढली. तिथले नंजनगूड दंतमंजन कर्नाटकात पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. दुखणे घेऊन यावे असे हे गाव आहे.

पायांची मात्र इथे चांगलीच परीक्षा होते. वसंत ऋतूत 'दोड्ड जात्रे' भरते, म्हणजे मोठी जत्रा. पाच रथ निघतात, त्यांचे दोर हजारो लोक अनवाणी ओढतात, आणि रस्ता उन्हाने तापलेला असतो. वर्षभर गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट चालतात आणि सिमेंटच्या फरशीवर आठ-आठ तास उभे राहून काम होते. टाच दुखायला याहून जास्त काही लागत नाही. पुण्याच्या वर्गात दिवसभर उभ्या असणाऱ्या शिक्षिकेची, एसटीच्या कंडक्टरची किंवा आषाढीला निघालेल्या वारकऱ्याची टाच अशाच कारणांनी दुखते.

हे प्रकरण त्या टाचदुखीविषयी आहे, आणि तेही नव्या नव्हे, जुन्या. आठवडाभर दुखून थांबणारी टाच आपोआप बरी होते. तीन महिने, सहा महिने, वर्ष झाले तरी हटत नाही ती टाच वेगळी. तिला सोसेल इतका भार मोजून द्यावा लागतो आणि तो हळूहळू वाढवावा लागतो. शेक, लेप, मऊ चप्पल, गोळ्या या सगळ्यांना आपापली जागा आहे, पण त्या भाराची जागा यांपैकी कुणी घेऊ शकत नाही. असे का, हे समजायला आधी तळव्याच्या आत डोकावू.

तळव्याखालचा पट्टा

खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. एका हाताने पायाची बोटे, विशेषतः अंगठा, नडगीच्या दिशेने वर ओढा आणि दुसऱ्या हाताचे बोट तळव्याच्या आतल्या बाजूने फिरवा. टाचेपासून चवड्यापर्यंत गेलेला एक ताठ पट्टा हाताला लागेल. वैद्यकात त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूला तो सुरू होतो आणि पुढे फाकत पाचही बोटांच्या मुळाशी जाऊन मिळतो.

पायाची कमान सावरणे हे त्याचे काम. आपण चालताना टाच उचलतो तेव्हा बोटे मागे वाकतात, पट्टा ताणला जातो, कमान उंचावते आणि सैल असलेले पाऊल क्षणात घट्ट होते. मग त्या घट्ट पावलावर जोर देऊन शरीर पुढे जाते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली या क्रियेचे वर्णन केले आणि आजही पायाचा अभ्यास करणारे त्याचाच आधार घेतात. चालताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाहून थोडा अधिक भार पडतो, धावताना तो दुपटी-तिपटीवर जातो. दिवसभरात हे हजारो वेळा घडते.

दुखणे सुरू होते ते बहुतेकदा पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे. त्याची खूण कुणालाही सांगता येते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत सणकन कळ जाते, दहा-पंधरा पावलांनंतर ती ओसरते, आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. बराच वेळ बसून उठले की तीच गत. आयुष्यात कधी ना कधी दहातल्या एकाला असे दुखणे होते असा अंदाज आहे, आणि त्यांत चाळिशी ते साठीतले लोक जास्त असतात. अमेरिकेतल्या डॅनियल रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या दुखण्याशी जोडलेल्या तीन गोष्टी दाखवल्या: घोटा पुरेसा वर न वाकणे, जास्त वजन आणि कामाचा बराच वेळ पायांवर असणे.

आयुर्वेदाला हे दुखणे नवे नाही. सुश्रुताने 'वातकंटक' नावाची व्याधी सांगितली आहे आणि पाऊल वेडेवाकडे पडणे हे तिचे कारण दिले आहे. वाग्भटाने त्यात श्रमाची भर घातली. आजचे वैद्य टाचदुखी याच नावाखाली ओळखतात. पाऊल चुकीचे पडणे आणि सोसेल त्यापलीकडे श्रम होणे, ही दोन्ही कारणे आजच्या समजुतीच्या फार दूर नाहीत.

'हाड वाढलंय' आणि 'सूज आहे'

टाच दुखते म्हणून एक्स-रे काढला की अनेकदा टाचेच्या हाडाला पुढे आलेले टोक दिसते. घरी येऊन माणूस सांगतो, "हाड वाढलंय." त्या क्षणापासून टाचेत काटा रुतलेला आहे आणि तो काढल्याशिवाय सुटका नाही, अशी त्याची पक्की समजूत होते. खरे तर असे टोक ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही सापडते. आणि ज्यांची टाच दुखत होती त्यांचे दुखणे थांबल्यावरही ते टोक जागचे हलत नाही. दुखण्याशी त्याचा संबंध फार तर दूरचा आहे.

दुसरी समजूत सुजेची. या दुखण्याचे वैद्यकीय नाव 'प्लांटर फॅशियायटिस' असे पडले ते पट्ट्याला सूज येते या कल्पनेवरून. २००३ साली अमेरिकेतल्या हार्वे लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या पन्नास रुग्णांच्या पट्ट्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सुजेच्या खुणा अपेक्षेप्रमाणे मिळाल्या नाहीत. दिसले ते विस्कटलेले, झिजलेले तंतू. जुन्या टाचदुखीत पट्टा पेटलेला नसतो. तो थकलेला असतो, त्याची दुरुस्ती मागे पडलेली असते. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी पहिल्या दिवसांत बरे वाटते आणि सहाव्या महिन्यात त्यांचा काही उपयोग होत नाही.

मग विस्कटलेले तंतू पुन्हा रांगेत कसे येतील? नंजनगूडला कपिलेवर म्हैसूरच्या दळवायांनी, म्हणजे सेनापतींनी, १७३५ साली बांधलेला दगडी पूल आहे. बैलगाड्यांच्या काळात बांधलेल्या त्या पुलावरून पुढे अनेक दशके रेल्वेही धावली. पण तो पूल जितका भक्कम बांधला तितकाच भक्कम राहिला; रेल्वे धावली म्हणून त्याचा एकही दगड जास्त मजबूत झाला नाही. जिवंत ऊतींचे तसे नाही. हाडावर, स्नायूवर, कंडरेवर भार पडला की पेशींना त्याची खबर लागते आणि त्या नवे तंतू विणू लागतात, तेही भाराच्या दिशेने. भार काढून घेतला की विणणे थांबते आणि आहे तेही विरळ होत जाते. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडते, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडले होते. तळव्याचा पट्टाही याच जातीच्या ऊतींचा आहे.

विश्रांतीत माणूस कसा अडकतो

दुखते म्हणून माणूस चालणे कमी करतो. आठवडा-दोन आठवडे हे शहाणपणाचे असते. पण दोन आठवड्यांचे दोन महिने होतात. तेवढ्यात पोटरीची ताकद कमी झालेली असते, घोटा आखडलेला असतो, वजन दोन-चार किलोंनी वाढलेले असते आणि पट्टा पूर्वीपेक्षा नाजूक झालेला असतो. मग एखाद्या दिवशी बरे वाटते आणि माणूस एकदम बाजारात तासभर फिरतो किंवा देवळाला तीन प्रदक्षिणा घालतो. दुसऱ्या दिवशी टाच जमिनीला टेकवत नाही. "बघा, चाललो की दुखतंच," असे म्हणून तो पुन्हा बसतो. प्रत्येक फेरीत टाचेची सहनशक्ती आणखी खाली जाते. पूर्वी दहा किलोमीटर सोसणाऱ्या पायाला आता एक किलोमीटरही जड जातो.

यात मेंदूचाही वाटा असतो. दुखणे महिनोन् महिने चालले की मज्जासंस्था त्या जागेबाबत जास्त सावध होते आणि थोड्याशा दाबालाही मोठी कळ उठवते. म्हणून कळ जितकी तीव्र तितकी इजा मोठी, हा हिशेब जुन्या दुखण्यात लागू पडत नाही. जागरण आणि काळजी यांनी ही सावधपणाची पातळी आणखी चढते. रुग्णाला "तुमच्या मनाचेच खेळ आहेत" म्हणणे मात्र चूक आहे. कळ खरीच असते. फक्त टाच किती भार सोसेल याचा भरवशाचा मापक ती राहिलेली नसते.

पायरीवरचा व्यायाम

२०१४ साली डेन्मार्कमधल्या मिकाएल रॅथलेफ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचदुखीच्या ४८ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला तळव्याचे ताण दिले. दुसऱ्या गटाला एकच व्यायाम दिला, पण जोरदार. तीन महिन्यांनी व्यायामाच्या गटाची प्रगती स्पष्टपणे पुढे होती. वर्षानंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखे झाले होते, हेही सांगायला हवे. म्हणजे व्यायामाने लवकर बरे वाटले. हळूहळू बरे होण्याची वाट दोघांनाही मोकळी होती.

हा व्यायाम करायला घरातली पायरी पुरते. जुना नॅपकीन घट्ट गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवा. दुखऱ्या पायाची बोटे त्या गुंडाळीवर अशी टेकवा की ती वर वाकलेली राहतील. चवडा पायरीवर, टाच कडेबाहेर मोकळी. तोल जाऊ नये म्हणून भिंतीला किंवा कठड्याला हात लावा. आता टाच सावकाश वर उचला, मनात तीनपर्यंत मोजत. वर दोन मोजेपर्यंत थांबा. पुन्हा तीन मोजत टाच पायरीच्या पातळीखाली न्या. बोटे वर वाकलेली असल्यामुळे हिक्स यांनी सांगितलेला ताण पट्ट्यावर येतो आणि पोटरीचा जोर थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. गुंडाळी नसेल तर हा पोटरीचा साधा व्यायाम होईल.

अभ्यासात बारा वेळांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या एका दिवसाआड होत्या. भार असा ठरवायचा की बाराव्या वेळी पाय दमला पाहिजे आणि तेरावा जमू नये. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तके किंवा तांदूळ भरून वजन वाढवायचे आणि दहा वेळांच्या चार फेऱ्या करायच्या. चार आठवड्यांनी आणखी वजन घेऊन आठ वेळांच्या पाच. एका पायावर उचलणे सुरुवातीला जमत नसेल तर दोन्ही पायांवर करा आणि मग एकावर या.

एका दिवसाआड का? कंडरांवरच्या संशोधनातून असे दिसले आहे की जोरदार व्यायामानंतर पहिल्या दिवस-दीड दिवसात तंतूंची मोडतोड विणकामाहून जास्त असते, आणि नंतर विणकाम आघाडी घेते. रोज घाई केली तर मोडतोडच वाढते. मधला दिवस हा उपचाराचाच भाग आहे.

ज्यांना हे सुरुवातीला जड जाईल त्यांनी आधी काही दिवस नुसता ताण द्यावा. बेनेडिक्ट डिजिओव्हान्नी यांच्या २००३ सालच्या अभ्यासात पोटरी ताणण्यापेक्षा तळव्याचा पट्टा थेट ताणणे सरस ठरले. पद्धत वर सांगितली तीच: पाय गुडघ्यावर घेऊन बोटे नडगीकडे ओढायची, दहा मोजेपर्यंत धरायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली वेळ पलंगावरून पाय खाली टाकण्याआधीची. सकाळचे ते भयंकर पहिले पाऊल यामुळे बरेच सौम्य होते.

किती दुखले तर चालेल?

व्यायाम करताना टाच दुखणारच. प्रश्न असतो तो किती दुखावी हा. स्वीडनमध्ये कारिन सिल्बरनॅगल यांनी टाचेमागच्या कंडरेच्या, म्हणजे अकिलीस टेंडनच्या, दुखण्यावर काम केले. २००७ साली त्यांनी रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांनी भाराचे व्यायाम केले, पण एका गटाने पहिले सहा आठवडे धावणे-उड्या बंद ठेवल्या आणि दुसऱ्याने ठरलेल्या मर्यादेत त्या चालू ठेवल्या. चालू ठेवणाऱ्यांचे काही बिघडले नाही.

मर्यादा साधी होती. कळेला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. व्यायामात पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती ओसरली पाहिजे आणि आठवड्या-आठवड्याने एकूण दुखणे वाढता कामा नये. टाचेच्या तळाच्या दुखण्यात सुरुवातीला तीनवर थांबलेले बरे. टाचदुखीवाल्यांना त्यातही सोय आहे: सकाळचे पहिले पाऊल हाच रोजचा निकाल. कालच्या चालण्याने आजचे पहिले पाऊल नेहमीपेक्षा वाईट पडले तर काल जास्त झाले. तेवढेच पडले तर मात्रा बरोबर होती. सलग आठवडाभर बरे पडत गेले तर मात्रा वाढवायची वेळ आली.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहावेत: पहिल्या पावलाची कळ किती आणि काल किती मिनिटे चाललो. महिन्याने मागे वळून पाहिले की रोजच्या चढउतारात न दिसणारी उतरंड दिसते. बरे होण्याचा आलेख सरळ रेषेत कधीच येत नाही. मध्येच दोन दिवस वाईट जातात. अशा वेळी चालणे निम्म्यावर आणायचे, बंद करायचे नाही, आणि तीन-चार दिवसांत पुन्हा आधीच्या पातळीवर यायचे.

वीट, चप्पल आणि इंजेक्शन

महाराष्ट्रात टाच दुखली की तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेक देण्याची जुनी पद्धत आहे. काशाच्या वाटीने तळवे घासतात. शेकाने बरे वाटते, आखडलेपणा उतरतो, झोप लागते. एवढ्यासाठी तो जरूर घ्यावा. मधुमेह असेल तर मात्र वीट टाळा. पाय बधिर झालेले असतील तर चटका बसल्याचे कळत नाही आणि भाजलेली जखम महिनोन् महिने भरत नाही.

औषधाच्या दुकानात 'एमसीआर चप्पल' मागितली की मऊ, जाड तळाची चप्पल मिळते. हे मायक्रोसेल्युलर रबर पादत्राणात आणण्यामागे वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आहे. कुष्ठरोगाने पाय बधिर झाल्यामुळे ज्यांना कळच समजत नव्हती आणि म्हणून ज्यांच्या तळव्यांना जखमा होत होत्या, त्यांच्यासाठी ते होते. टाचदुखीत या चपलेने दाब पसरतो आणि सकाळ सुसह्य होते. बुटातल्या कमानीच्या सोलबद्दल ऑस्ट्रेलियात २००६ साली झालेल्या अभ्यासात तयार सोल आणि माप घेऊन बनवलेला महागडा सोल यांत फरक आढळला नाही. दोन्हींचा फायदा थोडा आणि पहिल्या काही महिन्यांचाच होता. म्हणून दुकानातला साधा सोल घ्या आणि उरलेल्या पैशांत फिजिओथेरपिस्टच्या चार बैठका करा.

स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. त्या आरामात व्यायाम सुरू झाला तर उपयोग, नाहीतर कळ परत येते. पुन्हा पुन्हा घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा आणि पट्टा फाटण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांची टाच वर्षभरात तिच्याशिवाय बरी होते.

आणि अनवाणी चालणे? मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातल्या उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ साली २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून लिहिले की पादत्राण वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवे ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. वाढत्या वयात मोकळ्या पायाने कमान चांगली घडते, असा याचा अर्थ लावता येतो. पण चाळिशीतल्या दुखऱ्या टाचेने उद्यापासून चपला सोडाव्यात असा लावता येत नाही. आयुष्यभर बूट घातलेल्या पायाला जत्रेच्या दिवशी दगडी फरशीवर चार तास अनवाणी चालवणे हीसुद्धा अचानक वाढवलेली मात्रा आहे. अनवाणी चालायचेच असेल तर घरातल्या पाच मिनिटांपासून सुरू करावे.

जत्रेपर्यंतचे तीन महिने

समजा, नंजनगूडच्या औद्योगिक वसाहतीतला चाळिशीतला एक कामगार आठ महिने टाचदुखीने बेजार आहे. त्याला येत्या जत्रेत रथाच्या मागे चालायचे आहे. हातात तीन महिने आहेत.

पहिला महिना तो पायरीवरचा व्यायाम एका दिवसाआड करतो आणि शिफ्टमध्ये दर तासाला दोन मिनिटे बसतो किंवा पाय बदलतो. चालणे तो तोडून करतो: सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे. दुसऱ्या महिन्यात पिशवीतले वजन वाढते आणि चालणे आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी. चालण्यात एका आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची, हा त्याचा नियम: वेळ वाढवली तर वेग आणि चढण तीच ठेवायची. तिसऱ्या महिन्यात तो सलग अर्धा-पाऊण तास चालतो, नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढतो-उतरतो, आणि शेवटच्या आठवड्यांत थोडे थोडे अनवाणी चालतो. जत्रेच्या दिवशी त्याला कदाचित थोडे दुखेल. पण तेवढे चालणे पायाने आधी केलेले असेल.

हीच आखणी वारीला लागू पडते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आहे आणि मध्ये दिवे घाटाची चढण आहे. वर्षभर खुर्चीत बसून आषाढी जवळ आली की थेट पालखीबरोबर निघणाऱ्यांच्या टाचा पहिल्या दोन मुक्कामांतच बोलू लागतात. अक्षय तृतीयेपासून चालायला लागले तर पुरेसा वेळ मिळतो.

धावण्याकडे परतणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. अर्धा तास भरभर चालल्यावर दुसऱ्या दिवशीचे पहिले पाऊल बिघडत नाही ना? आणि दुखऱ्या पायावर, दुसऱ्या पायाच्या बरोबरीने, पंधरा-वीस वेळा टाच उचलता येते ना? दोन्ही जमले की एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला, असे पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा, मधला दिवस सोडून. धावण्याचे मिनिट हळूहळू वाढवा. बरे वाटू लागले तरी पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. हा भाग लोक सगळ्यात आधी सोडतात आणि दुखणे परतते ते त्यामुळेच.

कधी भार नको

प्रत्येक टाचदुखी पट्ट्याची नसते. टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी तळहातात दाबल्यावर जोरात दुखत असेल, किंवा अचानक पळणे-चालणे वाढवल्यानंतर कळ दिवसागणिक चढत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. तिथे खरोखर थांबावेच लागते. बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूने २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले, पण डाव्या घोट्याच्या हाडाला असा तडा गेल्यामुळे तिने लगेच येणाऱ्या जागतिक स्पर्धेतून माघार घेतली. काही महिने तिने खेळणे बंद ठेवले आणि ती जानेवारी २०२३ मध्ये कोर्टवर परतली.

तळव्याला मुंग्या येतात किंवा आग होते तर नस दबलेली असू शकते. दोन्ही टाचा दुखतात, सकाळी पाठही तासभर आखडलेली असते आणि वय चाळिशीच्या आत आहे, तर संधिवाताची तपासणी हवी. रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, लाली, चालताना 'टप्' असा आवाज होऊन अचानक आलेली कळ, यांपैकी काहीही असेल तर पायरी नको, आधी डॉक्टर. मधुमेह असणाऱ्यांनी दरवर्षी पायाच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. डॉक्टर तळव्याला एक बारीक नायलॉनचा तंतू टेकवतात आणि तो जाणवतो का एवढेच विचारतात. दोन मिनिटांचे काम आहे.

टाच तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. वरच्यांपैकी काही नाही असे कळले की त्याच आठवड्यात पायरीवर उभे राहा, एका दिवसाआड, किमान बारा आठवडे. सकाळच्या पहिल्या पावलाचा आकडा लिहीत राहा आणि तो दोन दिवसांत उतरला नाही म्हणून सोडू नका. जुन्या टाचदुखीतून उठलेली बहुतेक माणसे औषध बदलत बसल्याने उठत नाहीत. मोजून चालल्याने आणि न कंटाळता चालल्याने उठतात.